गुरुवारचं भांडं

१

वेलिंगमध्ये कोणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी भांडी पोचतात. डॉक्टर तासभराच्या रस्त्यावर, भांडी त्याच दुपारी दाराशी. काचेचं चौकोनी भांडं, तळाला शिजवलेला खिमा, त्यावर डब्यातल्या मश्रूमच्या सुपाचा दाट थर, वर बटाट्याचे छोटे गोळे ओळीने मांडलेले, आणि सगळं ओव्हनमध्ये लाल होईस्तोवर भाजलेलं. मिनेसोटाच्या या भागात त्याला हॉटडिश म्हणतात. कोणी बाळंत झालं तरी हॉटडिश, कोणाचा पाय मोडला तरी हॉटडिश, कोणी मेलं तरी तीच. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. रिकामं भांडं घासून ज्याचं त्याला परत द्यायचं, हा इथला रिवाज.

बाकी घरांत ही भांडी पंधरवडाभर येतात आणि थांबतात. आर्डिस टिमकेनच्या घरी ती कधी थांबलीच नव्हती. तिचा नवरा हार्लन अर्धांगाचा झटका येऊन मागच्या खोलीत पडून होता. केव्हापासून, हे कोणी नीट सांगत नसे. लोकांसमोर यायला त्याला बरं वाटत नाही, एवढंच सांगत. चर्चच्या बायकांनी आठवड्याचे वार वाटून घेतले होते आणि त्यात गुरुवार मार्लिसच्या सासूचा होता.

सासूला पुरलं त्या दिवशी चर्चच्या तळघरात जेवणं झाल्यावर मार्लिस कप विसळत होती. शेजारी डोरीन ब्रुगमन पुसायला उभी होती. चर्चच्या स्वयंपाकघरात कुठला चमचा कुठे ठेवायचा हे डोरीन ठरवी, आणि गावातलंही बरंचसं तीच ठरवी. कप पुसता पुसता ती म्हणाली, की आता गुरुवार तुझाच. टॉवेल हातात द्यावा इतक्या सहज.

मार्लिसला मनातून बरं वाटलं. लग्न होऊन ती या गावात आली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. तिची मुलगी इथल्या शाळेत शिकून शहरात नोकरीला लागली होती. नवरा ड्वेन दोन वर्षांपूर्वी सोयाबीनच्या शेतात हार्वेस्टरवर बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेला आणि इथल्याच मातीत पुरला गेला. एवढं होऊनही गावाच्या लेखी ती ‘ड्वेनने बाहेरून आणलेली’ होती. तिच्याशी कोणी कधी वाईट वागलं नाही. फक्त चार बायका बोलत असताना ती आली की बोलणं हवापाण्यावर यायचं. आता तिच्या वाट्याला एक वार आला होता.

२

बाराचा भोंगा झाला की निघायचं. भोंगा पाण्याच्या टाकीजवळच्या खांबावर आहे. रोज दुपारी तो वाजतो आणि गावातली सगळी कुत्री त्याच्या सुरात गळा काढतात. मार्लिस गरम भांडं टॉवेलात गुंडाळून गाडीत शेजारच्या सीटवर ठेवी आणि खडीच्या रस्त्याने टिमकेनांकडे जाई. समोरून येणारा प्रत्येक पिकअपवाला स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देई, तीही देई.

आर्डिस पुढच्या व्हरांड्यात उभी असे. ऐंशी ओलांडलेली, काटकुळी, केस नीट बसवलेले, स्वेटरची सगळी बटणं लावलेली. ती नेहमी आधी हवेबद्दल बोले, मग भांडं घेई, मग मागच्या गुरुवारचं रिकामं भांडं देई. हार्लन कसा आहे विचारलं तर म्हणे, वाईट नाही. इथे माणूस फार सुखात असला तरी ‘वाईट नाही’ आणि मरायला टेकला तरी ‘वाईट नाही’, त्यामुळे त्यावरून काही कळत नसे.

पहिल्यांदा भांडं परत आलं तेव्हा ते इतकं स्वच्छ होतं, की मार्लिसने मनातल्या मनात आर्डिसला शाबासकी दिली. कोपऱ्यांत जळून चिकटलेला काळा थर, जो तिला तारेच्या घासणीने कधी काढता आला नव्हता, तोही गेला होता. काच नव्यासारखी दिसत होती. घरी आल्यावर कपाटात ठेवताना तिची बोटं बुडाखाली गेली आणि तिथे घसरली.

तिने भांडं उलटं केलं. नावाची चिकटपट्टी गेली होती. पट्टीचा डिंकसुद्धा उरला नव्हता. बुडाला पातळ, बुळबुळीत काहीतरी वाळत आलं होतं. नाक जवळ नेल्यावर तिला वास ओळखीचा वाटला. तिचं बालपण गाईंच्या गोठ्यात गेलं होतं. लहान वासराला बोटं चोखू दिली की हाताला जो वास येतो, आंबलेल्या दुधाचा, कोमट, तो हा वास होता. मात्र त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता, आणि तो तिला ओळखता येईना.

कुत्र्याने चाटलं असेल, ती स्वतःला म्हणाली. म्हातारी थकलेली, भांडं खाली ठेवलं असेल, कुत्र्याने आतून बाहेरून चाटलं असेल. तिने भांडं ब्लीचच्या पाण्यात बुडवलं आणि हात कोपरापर्यंत साबणाने धुतले. रात्री अंथरुणात पडल्यावर तिला आठवलं, की टिमकेनांकडे कुत्रं नाही.

३

उन्हाळाभर हेच चाललं. प्रत्येक वेळी ती नवी चिकटपट्टी लावी आणि प्रत्येक वेळी पट्टीशिवाय भांडं परत येई. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, पण ती तिने बरेच दिवस लक्षात घेतली नाही. आठवड्यापूर्वीचं रिकामं भांडं हातात येई तेव्हा ते कोमट असे. उन्हात ठेवलं असेल, हे ती स्वतःला सांगे. ढगाळ दिवशी सांगे, की चुलीजवळ ठेवलं असेल.

एकदा तिने हॉटडिशऐवजी कोंबडी भाजून नेली. घाईत तशीच नेली, हाडांसकट, वर फॉइलचा चंदेरी कागद घट्ट लावून. पुढच्या गुरुवारी तिने सहज विचारावं तसं विचारलं, की हाडांचा त्रास नाही ना झाला, हार्लनला चावता येतं का. आर्डिस हसून म्हणाली, की नाही गं, त्याने काहीच टाकलं नाही. तो फॉइलचा कागद कुठे गेला, हे मार्लिसने विचारलं नाही. विचारायचं म्हणून तोंड उघडलं होतं, पण समोरची बाई इतकी नम्रपणे उभी होती, की तो प्रश्न घाणेरडा वाटला.

ऑगस्टमध्ये आर्डिसने ओशाळून सांगितलं, की त्याची भूक जरा वाढली आहे. एकाच्या जागी दोन भांडी झाली तर बरं होईल, पण तुला त्रास होणार असेल तर राहू दे. मार्लिस म्हणाली, त्रास कसला. या गावात या वाक्याला दुसरं उत्तर नाही.

पण तिचं स्वतःचं जेवण तुटलं. खिमा परतताना त्याचा रंग बदलू लागला, की ती तोंड फिरवी. सुपाचा डबा उघडून उलटा केला, की डब्याच्या आकाराचा तो राखाडी गोळा ‘पच्’ करून भांड्यात पडे, आणि तिला वाटे, हे कोणीतरी आधीच चघळून दिलेलं आहे. ती डब्यातली फळं आणि सुके ब्रेड खाऊन राहू लागली. गाडीतही तो वास बसला. खिडक्या उघड्या ठेवल्या, कॉफीची पूड वाटीत घालून ठेवली, सीट धुतली. ऊन चढलं की वास उठे.

रविवारी चर्चनंतर तिने डोरीनला गाठलं. नुसतं एवढंच म्हणाली, की हार्लन फारच जेवतो. डोरीनने तिच्याकडे क्षणभर नीट पाहिलं. इतकं नीट तिने याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“जेवतोय ते बरंच आहे ना,” डोरीन म्हणाली. मग तिने सोयाबीन यंदा लवकर पिवळं पडल्याचं सांगितलं.

४

ऑक्टोबरात शेतं कापायला घेतली. गावावर धुरळा बसला, आणि धान्याच्या कोठारांवरचे मका वाळवणारे पंखे दिवसरात्र घुमू लागले. त्या दिवसांत कोणी कोणाशी धड बोलत नाही, कारण बोललेलं ऐकूच येत नाही.

त्या गुरुवारी आर्डिस व्हरांड्यात नव्हती. मार्लिसने दोन्ही भांडी व्हरांड्यात खाली ठेवली, दार वाजवलं, हाक मारली. शेवटी भांडी पुन्हा उचलून, जाळीचं दार ढकलून ती आत गेली.

पुढची खोली कोणालाही दाखवावी इतकी नीटनेटकी होती. सोफ्यावर विणलेले रुमाल, भिंतीवर शोभेच्या बशा, टेबलावर चर्चचं मासिक. इथे तो वास अजिबात नव्हता, पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास होता. मार्लिसला स्वतःची लाज वाटली. म्हातारीच्या घरात शिरून आपण काय शोधतोय?

मग ती बोळात वळली. बोळाच्या भिंतींवर फुलांचा कागद होता, पण कमरेच्या वरच. कमरेखाली कागद नव्हता, रंग नव्हता, गिलावाही नव्हता. उघडं लाकूड दिसत होतं, आणि ते लाकूड जुन्या जिन्याच्या कठड्यासारखं गुळगुळीत झालं होतं. पायाखालची फरशी ओली होती. तिच्या बुटाचा तळ प्रत्येक पावलाला चिकटून सुटत होता. कागद जिथे संपत होता तिथली कड पाण्यात भिजल्यासारखी फुगली होती. पाईप गळत असेल, तिच्या डोक्यात आलं. पाईप गळला तर कागद वरून सुटतो, हेही लगेच आलं.

बोळाच्या टोकाला दार होतं. त्याचा खालचा अर्धा भाग कापून वेगळा केला होता, गोठ्याच्या दाराला असतो तसा. आर्डिस त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती.

आतून आवाज येत होता. आधी मार्लिसला वाटलं, तो बाहेरच्या पंख्यांचा. मग तिला चाल ओळखू आली. चर्चच्या तळघरात जेवायच्या आधी सगळे मिळून जी प्रार्थना गातात, तिची ती चाल होती. शब्द नव्हते. तोंड मिटून, घशातल्या घशात, अगदी शहाण्या मुलासारखं कोणीतरी ती गुणगुणत होतं. एका घशातून तो आवाज येत नव्हता, किंवा तो घसा फार लांब होता.

“आलीस का,” आर्डिस मागे न बघता म्हणाली. “बरं झालं. आज गुडघ्यांवरून उठताच येत नाही बघ. ती भांडी जरा इकडे सरकव.”

मार्लिसने एक खाली ठेवलं, दुसरं पुढे केलं. आपण ‘नाही’ का म्हटलं नाही, हे तिला नंतर कधीच उमगलं नाही. आर्डिसने दाराची खालची झडप वीतभर उचलली, तेव्हा भांडं अजून मार्लिसच्या हातातच होतं. प्रार्थना पूर्ण झाली. शेवटचा सूर नीट लांबवला गेला. मग भांडं पलीकडून कोणीतरी घेतलं. ओढलं नाही, हिसकावलं नाही. हलकेच, अदबीने घेतलं, आणि तिची चार बोटं जी काचेवर होती त्यांच्यावरून काहीतरी रुंद, खरखरीत आणि गरम एकदा फिरून गेलं.

५

वेलिंगला स्वतःचा पाद्री राहिलेला नाही. तीन गावांच्या चर्चना मिळून एक आहे, पास्टर टॉड, पस्तिशीचा, सभ्य. रविवारी तो एका गावातून दुसऱ्या गावात गाडी हाणत येतो. मार्लिस त्याला पार्किंगमध्येच भेटली. हात खिशात घालून बोलली. ती चार बोटं तिने इतकी घासली होती की कातडी सोलवटली होती.

तिने सगळं सांगितलं नाही. आर्डिसच्या घरी मागच्या खोलीत कोण आहे, एवढंच विचारलं.

पास्टर टॉडने गाडीच्या किल्ल्या खिशात टाकल्या. मग म्हणाला, की इथे रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात डोरीन त्याला तिथे घेऊन गेली होती. आजारी माणसाला प्रसादाचा ब्रेड द्यायचा म्हणून. दार उघडलं नाही, खालून द्यायचा होता. त्याने दिला.

“मग?” मार्लिसने विचारलं.

“मग त्याने घेतला.” त्याने उजव्या हाताचा अंगठा पँटला पुसला. तिला दिसलं, की पँटचा तो भाग पुसून पुसून विरला आहे. “माझ्या बोटांवरून घेतला.”

“आणि तुम्ही काही विचारलं नाहीत?”

“तुम्ही विचारलंत?” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

पुढच्या गुरुवारी मार्लिस गेली नाही. ओव्हन पेटवला नाही, खिमा फ्रीजमधून बाहेर काढला नाही. बाराचा भोंगा झाला, कुत्री रडली, आणि ती खुर्चीत बसून राहिली. फोन येईल म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं. फोन आला नाही. शुक्रवारी नाही, शनिवारीही नाही. दुकानात डोरीन भेटली, ती बर्फ लवकर पडेल असं म्हणाली.

रविवारी आर्डिस चर्चमध्ये होती. डाव्या हातात लोकरीचा हातमोजा घातलेला, आत पट्टी बांधलेली. मोज्याची दोन बोटं रिकामी होती. ती पान उलटताना चपटी होऊन हलत होती.

प्रार्थना संपल्यावर ती आपणहून मार्लिसकडे आली आणि उजव्या हातात तिचा हात घेतला.

“गुरुवारी रस्ता खराब होता वाटतं तुमच्याकडे,” ती म्हणाली. “मनाला लावून घेऊ नकोस हं. एक वेळ निभावलं आम्ही.”

आजूबाजूच्या बायकांनी स्तोत्रांची पुस्तकं गोळा करायला घेतली. कोणी मार्लिसकडे रागाने पाहिलं नाही. ती बाहेर गेली, गाडीच्या मागे वाकली आणि पोटात होतं नव्हतं ते ओकली. मग तोंड पुसून आत आली, कारण त्या दिवशी कॉफी द्यायची पाळी तिची होती.

त्यानंतरच्या गुरुवारी तिने तीन भांडी नेली.

६

आर्डिस मार्चमध्ये गेली. कशी गेली हे कोणी बोललं नाही. शवपेटी बंद होती, आणि ती उचलताना माणसांना फारसा जोर लावावा लागला नाही, हे मार्लिसने पाहिलं. पाहायचं नव्हतं, तरी पाहिलं.

तळघरात लांब टेबलं मांडली होती. मांसाचे काप घातलेले पाव, चिरलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, सात-आठ हॉटडिश. माणसं रांगेत उभी राहून ताटं भरत होती. मार्लिस टेबलाच्या टोकाला बसून त्यांची तोंडं बघत होती. जबडे फिरत होते, गालांत घास इकडून तिकडे सरकत होते, ओठांच्या कोपऱ्यांत पांढरं साचत होतं आणि जिभा ते पुसून घेत होत्या. सगळं गाव एकाच तोंडाने खातंय, असं तिला वाटलं. शिसारी येऊन तिने डोळे खाली केले. समोर तिचंच ताट होतं, कोणीतरी आणून ठेवलेलं.

डोरीन शेजारी येऊन बसली. खुर्ची जवळ ओढली. थोडा वेळ ती आर्डिसबद्दल चांगलं बोलली. मग म्हणाली, की मार्लिसच्या घरी खालच्या मजल्यावर मागची खोली आहे, दक्षिणेकडची, सासूची. आता रिकामीच असेल ना.

मार्लिसने सांगितलं, की ती घर विकून मुलीकडे शहरात राहायला जाणार आहे. हे तिने त्याच क्षणी ठरवलं होतं.

“जा ना,” डोरीन म्हणाली. “मुलगी म्हणजे मुलगीच. तुला कोण अडवणार?” तिने जेलीचा एक घास घेतला, गिळला. “मग हॅन्सकॉमच्या पोरांना सांगावं लागेल. तरुण जोडपं आहे, घर मोठं आहे. नाही म्हणणार नाहीत ते. मुली लहान आहेत, तेवढंच.”

हॅन्सकॉमांच्या दोन्ही मुली पलीकडच्या टेबलाखाली लपाछपी खेळत होत्या. धाकटीच्या पायातला एक मोजा निघाला होता.

मार्लिसला ओरडायचं होतं. हे काय आहे, तुम्ही सगळे काय आहात, हे विचारायचं होतं. पण तीस वर्षं ज्या घशाने ‘वाईट नाही’ आणि ‘त्रास कसला’ एवढंच म्हटलं, तो घसा ऐनवेळी दुसरं काही करेना.

“बरं,” ती म्हणाली.

डोरीनने तिच्या गुडघ्यावर थोपटलं आणि कॉफीची किटली घेऊन पुढच्या टेबलाकडे गेली.

७

शनिवारी दुपारी ते आले. लख्ख ऊन होतं, बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. गुरं न्यायची बंद गाडी मागे लावलेला पिकअप घराच्या बाजूला उभा केला. सहा-सात माणसं होती, सगळी ओळखीची. ड्वेनच्या शवपेटीला खांदा दिलेली. त्यांनी चिखलावर फळ्या टाकल्या. चर्चच्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आणल्या होत्या, खूप. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. जरा डावीकडे, पायरी आहे, सावकाश, एवढंच.

मार्लिसला दार धरून ठेवायला सांगितलं होतं. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. वास आधी आला, आणि यावेळी त्या वासाखालचा तो दुसरा वास तिला ओळखता आला. तो भुकेल्या माणसाच्या तोंडाचा होता. सकाळपासून काही न खाल्लेल्या कुठल्याही माणसाच्या तोंडाला येतो तो.

गोधड्यांचा तो ढीग तिच्यासमोरून सरकत असताना चौकटीत अडला. वरची गोधडी घसरली. तिला एक गाल दिसला. उशीएवढा रुंद, बिनकेसाचा, आणि त्याची कातडी बाहेरची नव्हती. आपल्या ओठाच्या आतली बाजू असते तशी ती होती, लाल, ओली, बारीक शिरांची. तो गाल चघळत होता. तोंड असेल असं वाटून तिने जिथे पाहिलं तिथे तोंड नव्हतं. तिथे डोळा होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि परक्याच्या घरी आलेला माणूस नजर वळवतो तशी वळवली.

तिच्या जवळच्या माणसाने गोधडी पुन्हा वर ओढली. आजोबांच्या गळ्याशी खोचावी तशी कडेने नीट खोचली. ढीग बोळातून आत गेला.

नंतर डोरीनने फरशी पुसली. पुसण्याचं फडकं बादलीत पिळताना म्हणाली, “ऊन छान येतं इथे. ड्वेनला मानवेल ही खोली.”

मार्लिसला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, “ड्वेन वारला, डोरीन.”

“हो गं. माहीत आहे.” डोरीन उठली, कंबर सरळ केली. “हार्लनही वारला होता. माझं लग्न झालं त्या वर्षी.”

तिने ओल्या हाताने मार्लिसचा गाल थोपटला आणि बादली ओतायला बाहेर गेली.

८

मंगळवारपर्यंत मार्लिसने बॅग भरली. मुलीला फोन करून येतेय म्हणून सांगितलं. मुलगी खूश झाली, म्हणाली, कधीची सांगत होते. बॅग स्वयंपाकघरात टेबलाशी ठेवली होती आणि गाडीच्या किल्ल्या हातात होत्या. आतून लाकडावर काहीतरी एका लयीत फिरत असल्याचा आवाज येत होता. सुतार पॉलिश कागद फिरवतो तसा. भिंतीचं काम सुरू झालं होतं.

ती निघणारच होती. आत्ता निघालं तर संध्याकाळच्या आत पोचेन, असा विचार करत होती. हॅन्सकॉमांच्या मुलींचा विचार ती करत नव्हती. करायचा नाही असं ठरवलं होतं.

वेलिंगमध्ये पाहुणे पुढच्या दाराने येतात आणि दार वाजवतात. घरची माणसं मागून स्वयंपाकघरात येतात, न वाजवता. सासूकडे यायचं असलं की सगळ्या बायका मागून यायच्या. मार्लिसकडे काम असलं की मात्र प्रत्येकाने पुढच्या दारावर टकटक केली होती. ड्वेन गेला त्या दिवशीसुद्धा.

स्वयंपाकघराचं दार उघडलं. डोरीन आत आली, चिखलाचे बूट तिथेच काढले, हातातलं गरम भांडं शेगडीवर ठेवलं. कपाट उघडून तिने स्वतःच कप घेतला, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि खुर्ची ओढून बसली. बॅग तिच्या पायाशीच होती. तिने ती पायाने जरा बाजूला सारली, म्हणजे पाय पसरता येतील. तिच्यामागून आणखी दोघी आल्या, न वाजवता, बूट काढत, कोणाच्या तरी पोटदुखीबद्दल बोलत. मार्लिसला पाहून त्यांनी विषय बदलला नाही. त्यातली एक म्हणाली, तुला कळलं का गं, आणि सगळी हकीगत तिला पहिल्यापासून सांगू लागली.

मार्लिसला मनातून बरं वाटलं, गुरुवार मिळाला त्या दिवशी वाटलं होतं तसं. हे काय होतंय हे तिला कळलं आणि स्वतःची इतकी किळस आली, की तिने ओट्याची कड घट्ट धरली. पण ते बरं वाटणं ओसरेना. तिने किल्ल्या खिळ्याला अडकवल्या.

“काय म्हणतोय ड्वेन?” डोरीनने कॉफीत साखर ढवळत विचारलं. “सकाळचं जेवला का?”

आतला आवाज थांबला होता. तोही ऐकत होता.

“थोडंसं,” मार्लिस म्हणाली. “जागा नवीन आहे ना.”